लँड ट्रस्ट म्हणजे काय? अमेरिकेत खासगी जमीन कायमची मोकळी कशी राहते

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या एखाद्या छोट्या गावाबाहेर फिरायला गेलं की रस्त्याच्या कडेला चार-पाच गाड्या मावतील एवढी जागा, नकाशा लावलेला लाकडी फलक आणि आत रानात शिरणारी पायवाट हमखास दिसते. मुलांकडे राहायला गेलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींना हे सरकारी उद्यान वाटतं. फलक नीट वाचला तर बहुतेकदा खाली एखाद्या लँड ट्रस्टचं नाव असतं. जमीन सरकारची नाही आणि कुणा कुटुंबाचीही नाही. ती एका ना-नफा संस्थेच्या नावावर आहे आणि ती कायमची मोकळी ठेवण्याची जबाबदारी त्या संस्थेनं घेतलेली आहे. तिकीट नाही, पहारेकरी नाही.

सगळी मेख त्या ‘कायमची’मध्ये आहे. जमीन वाचवणं हे एका दिवसाचं, सह्या करण्याचं काम असतं. त्या सह्या पुढे शंभर वर्षं खऱ्या ठरवणं हा लँड ट्रस्टचा खरा धंदा. या संस्थांचे कायदे, हिशेब, तपासण्या, अगदी पायवाटांवरच्या चिखलाची काळजीसुद्धा त्या एका वचनातून आलेली आहे.

आधी आवाका सांगतो. या संस्थांची देशपातळीवरची शिखर संस्था म्हणजे लँड ट्रस्ट अलायन्स. ती 1982 मध्ये सुरू झाली. तिच्या 2020 च्या गणनेनुसार देशात 1,200 हून जास्त लँड ट्रस्ट आहेत आणि त्यांनी मिळून सुमारे 6 कोटी 10 लाख एकर जमीन राखली आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळपास 80 टक्के. या सगळ्या जमिनीवर फिरायला जाता येतं असं मात्र नाही, त्याचं कारण पुढे येईल. काही ट्रस्ट अवाढव्य आहेत, पण बाकीच्यांचा पसारा एक-दोन गावं किंवा एखादं नदीखोरं एवढाच. कित्येकांकडे पगारी माणूसच नाही. निवृत्त शिक्षक, एखादा वकील, पक्षी बघणारे दोघं-तिघं, असा सगळा कारभार.

कल्पना जुनी आहे. चार्ल्स एलियट नावाच्या तरुण उद्यानरचनाकाराला बॉस्टन शहर आजूबाजूची राने गिळत चाललेलं दिसत होतं. 1890 मध्ये त्यानं एका नियतकालिकाला पत्र लिहिलं. ग्रंथालय जशी पुस्तकं आणि संग्रहालय जशी चित्रं लोकांसाठी सांभाळतं, तशी निसर्गरम्य ठिकाणं सांभाळणारी संस्था हवी, असा त्याचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यानं कायदा करून ‘द ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ ही संस्था स्थापन केली. ती आजही चालू आहे. ब्रिटनमधला नॅशनल ट्रस्ट 1895 मध्ये आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हेच उदाहरण होतं. एलियट स्वतः 37 व्या वर्षी गेला.

दुसरं उदाहरण 1955 चं. न्यूयॉर्क राज्याच्या कनेटिकटलगतच्या टोकाला मायनस नावाच्या नदीची घळ आहे, जुन्या हेमलॉक वृक्षांची. ती विकली जाणार म्हटल्यावर शेजारच्या काही लोकांनी पैसे जमवायला घेतले, काहींनी तर त्यासाठी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या. तेव्हा नवीनच असलेल्या ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेनं त्यांना 7,500 डॉलर दिले, पण दान म्हणून नव्हे. ते परत करायचे, म्हणजे तेच पैसे पुढच्या जागेला वापरता येतील, अशी अट होती. त्या 60 एकरांपासून नेचर कॉन्झर्व्हन्सीची जमीनखरेदी सुरू झाली. फिरत्या निधीची ती पद्धत लँड ट्रस्ट आजही वापरतात.

सरकार असताना खासगी संस्था कशाला?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची जमीन आहे भरपूर, पण ती मुख्यतः पश्चिमेकडच्या राज्यांत आणि अलास्कात. पूर्वेकडे आणि मध्य भागात बहुतेक जमीन खासगी. कुठे घरं बांधायची आणि कुठे नाही हे गावाचे नियम ठरवतात, आणि गावाचे नियम निवडणुकीनंतर बदलू शकतात. शिवाय सरकारला जमीन घ्यायची तर अंदाजपत्रक, मंजुऱ्या, दोन-तीन वर्षं. घरात वडील वारले, तीन भावंडं तीन राज्यांत, जमिनीची किंमत भरमसाट पण हातात रोकड नाही, अशा वेळी वारस दोन-तीन वर्षं थांबत नाहीत. बिल्डर चेक घेऊन दारात उभा असतो. लँड ट्रस्ट चपळ असतो. तो कर्ज काढून जमीन घेतो, मालकाशी काही महिन्यांचा विसार-करार करतो, आणि कधीकधी ती जमीन नंतर राज्य सरकारच्या उद्यानखात्याला देऊन आपले पैसे मोकळे करून घेतो.

जमीन हाती येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. कुणी सरळ दान देतं. कुणी बाजारभावापेक्षा कमी किमतीला विकतं आणि उरलेला फरक दान म्हणून दाखवतं. कुणी आजच संस्थेच्या नावावर करतं, पण मरेपर्यंत तिथेच राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतं. यांत समजायला सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट. त्यावर जरा थांबू.

मालक तोच, पण एक हक्क कमी

अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात की मालकी म्हणजे काठ्यांची मोळी. शेती करण्याचा हक्क ही एक काठी, लाकूड तोडण्याचा दुसरी, खाणीचा तिसरी, विकण्याचा चौथी, प्लॉट पाडून घरं बांधण्याचा पाचवी. मालकानं ही पाचवी काठी मोळीतून काढून लँड ट्रस्टच्या हाती दिली, की झालं ईझमेंट. ट्रस्ट ती काठी वापरत नाही, वापरूही शकत नाही. तो फक्त ती दुसऱ्या कुणाला वापरू देत नाही. बाकी जमीन मालकाचीच राहते. त्यानं शेती करावी, विकावी, मुलांच्या नावे करावी, मालमत्ता करही त्यानंच भरावा. दस्त काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरी नोंदवला जातो, त्यामुळे पुढे जो कुणी ती जमीन घेईल त्याला ते बंधन जमिनीसोबतच मिळतं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. ईझमेंट केलं म्हणजे लोकांना तिथे फिरायची मुभा मिळाली, असं नाही. पुष्कळ ईझमेंट शेतांवर आणि गुरांच्या कुरणांवर असतात, आणि तिथे परक्यानं पाऊल ठेवणं बेकायदाच राहतं. सार्वजनिक पायवाट हवी तर तसं दस्तात वेगळं लिहावं लागतं. 6 कोटी एकरांचा आकडा ऐकून पाठीला पिशवी लावू नका, एवढंच. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला 1980 मध्ये सुरू झालेला मरीन ॲग्रिकल्चरल लँड ट्रस्ट हा मुळात शेतजमिनीसाठीच निघाला. तिथल्या दूधउत्पादकांची कुरणं बंगल्यांखाली जाऊ नयेत, हा हेतू.

मालक हे का करतो? काही जण निव्वळ जमिनीच्या प्रेमापोटी करतात. पण करसवलतीचा भाग टाळून हा विषय समजत नाही. गणित असं. एका कुटुंबाची जमीन बिल्डरला विकली तर 20 लाख डॉलर येतील असं धरू. बांधकामाचा हक्क गेल्यावर तिचं मूल्य उरलं 8 लाख. मधले 12 लाख हे कायद्याच्या दृष्टीनं दान. ते मालकाला आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं, पण एकदम नाही. दर वर्षी उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली रक्कम पुढची 15 वर्षं ओढत नेता येते. ज्याचं निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीचं आहे, त्याला मर्यादा 100 टक्के. संसदेनं या मर्यादा 2015 मध्ये कायमच्या केल्या.

आता वर्षाला 60,000 डॉलर मिळवणाऱ्या नोकरदार मालकाला हे लावून बघा. वर्षाला 30,000 प्रमाणे, पहिलं वर्ष धरून 16 वर्षांत 4 लाख 80 हजार वजा होतील. उरलेले 7 लाख 20 हजार वाया. शेतकऱ्याला तेवढ्याच उत्पन्नावर 9 लाख 60 हजार वजा करता येतील. म्हणजे ज्याचं उत्पन्न मोठं त्याला ही सवलत पुरेपूर मिळते, आणि जमीन भारी पण कमाई बेताची अशा माणसाला निम्मीही नाही. या योजनेवरचा मला सर्वांत पटणारा आक्षेप हाच. व्हर्जिनिया आणि कोलोरॅडो या राज्यांनी त्यावर तोड काढली. तिथे राज्याच्या करात मिळणारी सूट मालक दुसऱ्याला चक्क विकू शकतो, आणि रोख पैसे हाती येतात.

जिथे सवलत तिथे लबाडी, हेही झालं. काही दलालांनी पडीक जमिनी घ्यायच्या, भागीदारी संस्था काढून गुंतवणूकदार गोळा करायचे, जमिनीचं मूल्यांकन फुगवून अवाच्या सवा दाखवायचं आणि गुंतवलेल्या एका डॉलरवर कित्येक डॉलरची वजावट घ्यायची, असा उद्योग मांडला. अंतर्गत महसूल सेवेनं, म्हणजे तिथल्या आयकर खात्यानं, डिसेंबर 2016 मध्ये अशा व्यवहारांवर नजर ठेवायला सुरुवात केली. डिसेंबर 2022 मध्ये संसदेनं कायदा केला: भागीदारीतून आलेली वजावट गुंतवणुकीच्या अडीचपटीपेक्षा जास्त असेल तर, कुटुंबाच्या भागीदारीसारखे काही अपवाद सोडून, ती नाकारली जाईल. त्यासाठी लँड ट्रस्ट अलायन्सनं स्वतः पाठपुरावा केला होता, कारण बदनामी प्रामाणिक संस्थांचीही होत होती.

सह्या झाल्यानंतरची शंभर वर्षं

करसवलतीची मुख्य अट म्हणजे बंधन कायमचं असलं पाहिजे. 20 किंवा 50 वर्षांचं चालत नाही. ही अट कागदावर एका ओळीत बसते, पण ती निभावणारी संस्था मात्र माणसांची असते आणि माणसं बदलतात.

म्हणून करार होण्याच्या वेळीच जमिनीची सगळी स्थिती नोंदवून ठेवतात: नकाशे, फोटो, कुठे कुंपण, कुठे जुनं कोठार, ओढा कुठून वाहतो. या नोंदीवर मालक आणि ट्रस्ट दोघांच्या सह्या. मग दर वर्षी ट्रस्टचा माणूस जाऊन जमीन फिरून येतो, जुने फोटो नव्या दृश्याशी ताडून बघतो. हल्ली मोठ्या जमिनींसाठी उपग्रहाची छायाचित्रंही वापरतात. सापडतं काय? शेजाऱ्यानं हिरवळ दहा फूट आत सरकवलेली असते, कुणी सीमेवरची झाडं तोडलेली असतात, कुणी ओढ्यात कचरा टाकलेला असतो. ज्यानं करार केला त्या मालकाशी सहसा भांडण होत नाही. भांडतो त्याच्याकडून जमीन विकत घेणारा दुसरा किंवा तिसरा मालक. त्यानं दस्त वाचलेला नसतो, किंवा वाचून सोडून दिलेला असतो.

आणि भांडण कोर्टात गेलं तर? गावातल्या संस्थेला एक खटला बुडवू शकतो. म्हणून शहाणे ट्रस्ट ईझमेंट स्वीकारतानाच मालकाकडे देखरेखीच्या निधीसाठी रक्कम मागतात. जमीन फुकट देणाऱ्याकडेच वर पैसे मागायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण त्या निधीच्या व्याजावर वर्षानुवर्षांच्या फेऱ्या चालतात. 2013 मध्ये ट्रस्टनी एकत्र येऊन टेराफर्मा नावाची स्वतःची विमा व्यवस्थाही उभी केली. ईझमेंट मोडणाऱ्याविरुद्ध लढण्याचा खर्च त्यातून मिळतो. 2008 पासून लँड ट्रस्टना प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. संस्थेचे हिशेब, नोंदी, वार्षिक भेटी तपासून ते मिळतं आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणी होते. ट्रस्टच बंद पडला तर ईझमेंट दुसऱ्या पात्र संस्थेकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे जातं. तो वारसदार कोण, हे पुष्कळदा मूळ दस्तातच लिहून ठेवलेलं असतं.

रान आपोआप राहत नाही

कुंपण घातलं, फलक लावला, आता निसर्ग आपलं बघून घेईल, ही समजूत ट्रस्टच्या स्वयंसेवकांची पहिल्या वसंतातच गळून पडते. युरोपातून आलेली गार्लिक मस्टर्ड ही मोहरीच्या कुळातली वनस्पती घ्या. ती मातीत अशी रसायनं सोडते की झाडांच्या मुळांना मदत करणाऱ्या बुरशा मरतात, आणि स्थानिक रोपं तग धरत नाहीत. ती बी धरण्याआधी मुळासकट उपटावी लागते आणि पिशवीत भरून रानाबाहेर न्यावी लागते, कारण उपटून तिथेच टाकली तरी बी पिकू शकतं. मातीतलं बी काही वर्षं जिवंत राहतं, म्हणून एका वर्षाच्या मेहनतीवर भागत नाही. जपानी बार्बेरीची काटेरी झुडपं दुसरं दुखणं. त्यांच्या दमट सावलीत लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिडी जास्त सापडतात, असं कनेटिकटमधल्या संशोधनात दिसलं आहे.

हरणांचा प्रश्न तर भल्याभल्यांना पेचात टाकतो. पूर्वेकडच्या बऱ्याच भागांत लांडगे आणि पुमा संपले, हरणं बेसुमार वाढली. ती ओक आणि मेपलची कोवळी रोपं खाऊन टाकतात. वरून रान घनदाट दिसतं, पण खाली पुढची पिढीच नाही. म्हणून अनेक ट्रस्ट शरद ऋतूत परवानगी देऊन शिकार करू देतात, त्या काळात पायवाटांवर नारिंगी जाकीट घालून या असं सांगतात. निसर्गप्रेमी देणगीदारांना हे समजावताना संस्थेच्या लोकांची जीभ कोरडी पडते. मध्य भागातल्या गवताळ मैदानांना तर मुद्दाम आग लावावी लागते, नाहीतर झुडपं गवत गिळतात.

मिशिगनमध्ये 2002 मध्ये आढळलेल्या एमराल्ड ॲश बोरर या हिरव्या भुंग्यानं कोट्यवधी ॲश वृक्ष मारले. वाळलेला ॲश ठिसूळ होतो आणि अचानक मोडतो. आत रानात तो उभा असलेलाच बरा, सुतारपक्ष्यांना कामाचा. पण पायवाटेवर झुकला असेल तर तोडायलाच हवा, आणि तोडणारा कुशल माणूस महाग.

पायवाटेचा शत्रू पाणी

पायवाट लोकांच्या पायांनी खराब होते असं वाटतं, पण तिला खरी खाते ती पाण्याची धार. टेकडीवर सरळ वर चढणारी वाट पावसात नाली होते. म्हणून वाट उतारावरून आडवी, वळसे घेत नेतात. ढोबळ नियम दोन. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, आणि सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आत हवा. वाट बाहेरच्या बाजूला किंचित कललेली ठेवतात, म्हणजे पाणी तिच्यावरून आडवं ओघळून जातं. मधे मधे चढाला छोटासा उतार देतात, तिथे वाहत आलेलं पाणी बाहेर पडतं. आडवे ओंडके टाकून पाणी वळवायची जुनी पद्धतही आहे, पण त्यांच्यामागे माती साचते आणि दर वर्षी कुदळ घेऊन ती काढावी लागते. दलदलीत फळ्यांचे बुटके साकव टाकतात. ते माणसाचे बूट कोरडे ठेवायला तर आहेतच, पण त्याहून जास्त म्हणजे माणसं चिखल टाळायला कडेनं चालत वाट दुप्पट रुंद करू नयेत यासाठी.

वाट कुठून न्यायची नाही, हे ठरवण्यात जास्त वेळ जातो. वसंतात बर्फ वितळून रानात डबकी साचतात आणि उन्हाळ्यात आटतात. त्यात मासे नसतात, म्हणून वूड फ्रॉग आणि ठिपकेवाला सॅलमँडर तिथेच अंडी घालतात. नकाशावर उन्हाळ्यात ती जागा कोरडा खड्डा दिसते. ज्यानं एप्रिलच्या पावसाळी रात्री विजेरी घेऊन ती पाहिली आहे, तोच सांगतो की वाट इथून नको.

पडून पाय मोडला तर ट्रस्टवर दावा होईल का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. अमेरिकेत सर्व 50 राज्यांत असे कायदे आहेत की जो जमीनमालक लोकांना फुकट फिरू देतो, त्याची अपघाताबद्दलची जबाबदारी बरीच मर्यादित असते. प्रवेशशुल्क घेतलं की ते संरक्षण सहसा कमी होतं. तिकीट नसण्यामागे उदारपणासोबत हाही हिशेब असतो. गाड्यांची जागा छोटी असण्यातही डोकं आहे: गाडी लावायला जागा नाही, म्हणजे रानात गर्दी नाही.

लांब पायवाट मात्र एका ट्रस्टच्या जमिनीत बसत नाही. जॉर्जिया ते मेन अशी सुमारे 3,500 किलोमीटर जाणारी ॲपालाचियन ट्रेल 1921 मध्ये बेंटन मॅकाय यांनी सुचवली आणि 1937 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा तिचा बराच भाग शेतकऱ्यांच्या तोंडी परवानगीवर चालत होता. मालक बदलला की वाट हलवायची. 1968 मध्ये केंद्रीय कायदा आला आणि मग पट्ट्यापट्ट्यानं जमीन घेत जावं लागलं. स्थानिक ट्रस्टना हा अनुभव आजही येतो. चार मालकांनी रीतसर हक्क लिहून दिलेला, पाचव्याची नुसती मर्जी, आणि तो पाचवाच मधोमध.

कुणासाठी राखायचं?

टीका करणारे म्हणतात की शहरांलगत घरांची टंचाई असताना श्रीमंत वस्त्या ईझमेंट वापरून नवे शेजारी बाहेर ठेवतात. काही ठिकाणी हे खरं आहे. संस्थांमध्येही यावर वाद चालतात, आणि काही ट्रस्ट आता परवडणाऱ्या घरांच्या संस्थांबरोबर एकत्र जमीन घेतात: थोड्या भागात घरं, बाकी मोकळं रान.

दुसरा प्रश्न जुना आणि जास्त अवघड: ही जमीन आधी कुणाची होती? 1918 पासून रेडवुड वृक्षांची राने राखणाऱ्या सेव्ह द रेडवुड्स लीगनं उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 523 एकर रान विकत घेतलं आणि 2022 मध्ये ते दहा आदिवासी जमातींच्या इंटरट्रायबल सिंकियोन विल्डरनेस कौन्सिलच्या नावे करून दिलं. जागेला सिंकियोन लोकांच्या भाषेतलं नाव मिळालं. मालक झालेल्या कौन्सिलनं त्यानंतर लीगला ईझमेंट लिहून दिलं: रानाचे तुकडे पडणार नाहीत, व्यापारी तोड होणार नाही.